दिवाळीत फाइल, एप्रिलमध्ये हॅनोव्हर

लक्ष्मीपूजनाला वह्या पुजता, त्याच दिवशी शेजारी एक कोरी फाइल ठेवा आणि तिच्यावर प्रदर्शनाचं नाव लिहा. जर्मनीतलं हॅनोव्हर मेसे हे मोठं औद्योगिक प्रदर्शन एप्रिलमध्ये भरतं. दिवाळीपासून तोवरचे पाच-सहा महिने जेमतेम पुरतात. भोसरी-चाकणमधल्या नव्या निर्यातदारांना मी आधी फाइल करायला सांगतो, तिकिटाचं नंतर बघू म्हणतो, कारण सरकारची मदत आगाऊ मिळत नाही. खर्च आधी आपण करायचा आणि परत आल्यावर एकेक पुरावा लावून मागायचा.

फाइलमध्ये पहिला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. ती फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघू. निर्यातीची उलाढाल यात धरत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शेड बदलली असेल तर उद्यम, जीएसटी आणि बँक तिन्हीकडे पत्ता एकच आहे ना ते आत्ताच बघा. मग आयात-निर्यात कोड. फी ५०० रुपये, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात काही बदल नसला तरी तो ऑनलाइन कन्फर्म करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. जीएसटी न भरता माल पाठवायचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, ३१ मार्चला संपतं. म्हणजे ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर. मार्चच्या कॅलेंडरवर तिथे लाल खूण करा.

यानंतर निर्यात परिषदेचं सदस्यत्व, म्हणजे आरसीएमसी. इंजिनिअरिंगवाल्यांनी ईईपीसी ही परिषद, शेतमालवाल्यांनी अपेडा ही सरकारी संस्था, आणि पुण्याच्या तांबट आळीतली मठारकामाची, म्हणजे ठोके देऊन घडवलेली, भांडी न्यायची असतील तर हस्तकला परिषद. हा कागद इतका महत्त्वाचा का, तर मदतीचा रस्ता बहुतेक वेळा परिषद किंवा उद्योग संघटनेतून जातो. सूक्ष्म-लघू उद्योग मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेत संघटना शिष्टमंडळाचा प्रस्ताव देते आणि विमानभाडं, जागेचं भाडं यांसारख्या खर्चाचा परतावा त्या मंजुरीवर मिळतो. स्वतःच स्टॉल बुक करून गेलात तर हा दरवाजा बंद. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं. त्यातल्या ‘निर्यात दिशा’ भागात परदेशी प्रदर्शनांचाही समावेश आहे. त्यामुळे संघटनेला फोन करताना थेट विचारा: हे प्रदर्शन कोणत्या योजनेत मंजूर आहे, मला किती टक्के आणि कमाल किती मिळतील, आणि अर्ज निघण्याआधी किती दिवस द्यायचा. उत्तर ईमेलवर घ्या आणि छापून फाइलला लावा. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना आहे, तिथून सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशात बनला याचा दाखला मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे एक चक्कर मारावीच.

आता पेटी. इथे माझे तीन आठवडे गेले होते. ओळखीच्या सुताराने झकास पाइनची पेटी ठोकून दिली, नमुने भरले, टेम्पो फॉरवर्डरच्या, म्हणजे माल परदेशी पोचवणाऱ्या एजंटच्या, गोदामात पोचला आणि पेटी परत आली. लाकडावर शिक्का नव्हता. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीला उष्णता-प्रक्रिया लागते: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, देशाचा कोड आणि ‘एचटी’ ही अक्षरं उमटवतात. शिक्क्याचे अधिकार असलेल्या पॅकरकडूनच पेटी घ्या, किंवा सरळ प्लायवूडची करा, तिला हा नियम नाही. आतले भाग गंजरोधक कागदात गुंडाळा. बोटाचा ठसा पुसल्याशिवाय एकही नग गुंडाळू नका. ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागावर घामाचा ठसा महिनाभरात तपकिरी होतो आणि खरेदीदार नेमका तोच भाग उजेडात धरतो.

परत आणायचं फिक्स्चर किंवा यंत्र असेल तर फिक्की या उद्योग महासंघाकडून एटीए कार्ने, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचा परवाना, काढा, म्हणजे तिथे आयात शुल्क भरावं लागत नाही. पण कार्नेवर नेलेली वस्तू परत यायलाच हवी. वाटायचे नमुने वेगळ्या इन्व्हॉइसवर न्या.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनसाठी (जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांचा एकच व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू असावा.

स्टॉलवर माहितीपत्रकांचा गठ्ठा कमी चालेल, पण दरपत्रक हवंच. युरोमध्ये, एफओबी (आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा दर) वेगळा, पोच-दर वेगळा, किमान ऑर्डर आणि किती आठवड्यांत माल देणार हे छापलेलं. मटेरियलचं ३.१ सर्टिफिकेट (धातूच्या चाचणीचा उत्पादकाचा दाखला) आणि मापांचा तपासणी अहवाल त्या-त्या नगाशेजारी ठेवा. ‘पाठवतो’ म्हणालात की तो माणूस पुढच्या स्टॉलवर जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

बोर्डिंग पास जाता-येता दोन्ही वेळचे छापील घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. माझा परतीचा एक पास हरवला आणि विमान कंपनीचं पत्र मिळवताना दावा महिनाभर रखडला. स्टॉलवर तुम्ही उभे असल्याचे, फलकासह फोटो, जागेच्या भाड्याची पावती, बँकेचं स्टेटमेंट, सगळं त्याच फाइलमध्ये. उतरल्याच्या आठवड्यात दावा दाखल करा. चौकशी केलेल्यांना दर आणि ड्रॉइंगवरचे प्रश्न त्याच आठवड्यात पाठवा. आणि पहिली ऑर्डर आली, की माल हलवण्याआधी त्या खरेदीदाराची ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीकडे पत तपासून विमा उतरवा. पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांना या हप्त्याचाही काही भाग सूक्ष्म-लघू उद्योग मंत्रालयाकडून परत मागता येतो, तेव्हा तीही पावती फाइललाच लावा.