डावखुऱ्या नेमबाजाने अंगावर बाळगण्याचे छोटे पिस्तूल कसे निवडावे

बहुतेक पिस्तुले उजव्या हाताचा अंगठा गृहीत धरून घडवलेली असतात. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) सोडण्याचे बटण, स्लाइड (मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) अडवणारी खिट्टी आणि सेफ्टीची (गोळी चुकून सुटू न देणारी) कळ या तिन्ही गोष्टी डाव्या बाजूला बसवलेल्या असतात, कारण उजव्या हाताने मूठ धरली की अंगठा तिथेच टेकतो. तेच पिस्तूल डाव्या हातात घेतले की अंगठा उजव्या बाजूला जातो आणि या कळांशेजारी तर्जनी येते. म्हणून 'दोन्ही हातांसाठी योग्य' या शब्दांवर विसंबू नये. प्रत्येक कळ आपल्या कोणत्या बोटाखाली येते आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असताना ती अंगाकडे राहते की बाहेर, हे स्वतः पाहावे. त्याआधी मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि नळी सतत सुरक्षित दिशेला ठेवावी.

सर्वांत कठोर निकष सेफ्टीला लावावा. हाताने चालवायची सेफ्टी फक्त डाव्या बाजूला असेल, तर डाव्या हाताची पकड सैल न करता ती चालवणे फार अवघड असते. असे पिस्तूल कितीही आवडले तरी बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजूंना कळ असलेले किंवा हाताने चालवायची सेफ्टीच नसलेले मॉडेल निवडावे. मात्र दुसऱ्या प्रकारात ट्रिगर पूर्ण झाकणारे, ताठ होल्स्टर ही अट समजावी.

मॅगझिनच्या बटणाबाबत एवढे कठोर होण्याचे कारण नाही. ते डावीकडेच असले तरी तर्जनीने किंवा मधल्या बोटाने दाबता येते, आणि तर्जनीने दाबताना बोट ट्रिगरवरून आपोआप दूर जाते, हा फायदाच आहे. ग्लॉक ४३एक्स आणि सिग साउअर पी३६५ यांसारख्या मॉडेलांत हे बटण काढून उजव्या बाजूला बसवता येते. पण अशी अदलाबदल केल्यावर प्रत्येक मॅगझिनला त्या बाजूचीही खाच आहे का, हे तपासावे. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपूर्वीच्या मॅगझिनांना ती नसते, त्यामुळे ती उलट्या बटणावर अडकत नाहीत. बटण फार उंच असेल, तर डाव्या तळहाताच्या तर्जनीकडील उंचवट्याने ते नकळत दाबले जाते का, हेही घट्ट पकडून पाहावे.

स्लाइडच्या खिट्टीचा प्रश्न त्याहून हलका आहे. ग्लॉकच्या पाचव्या पिढीतील १९ आणि २६ या मॉडेलांत ती दोन्ही बाजूंना आहे. पण उजवीकडच्या खिट्टीवर डावा अंगठा विसावला, तर मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकत नाही. एकाच बाजूची खिट्टी असल्यास डावखुऱ्याला हा त्रास होत नाही. तो उजव्या हाताने स्लाइड मागे ओढून सोडू शकतो आणि ही पद्धत कोणत्याही पिस्तुलावर सारखीच चालते.

एक बाब मात्र सहज नजरेआड होते. डाव्या कमरेवर लावलेल्या पिस्तुलाची डावी बाजू बाहेरच्या दिशेला असते. उजव्या हाताच्या माणसाचे बटण अंगाकडे झाकलेले राहते, तर आपले खुर्चीच्या हातावर किंवा मोटारीच्या पट्ट्यावर घासू शकते आणि मॅगझिन सुटू शकते. यासाठी बटणाभोवती कडा असलेले आणि खास डाव्या हातासाठी घडवलेले होल्स्टर घ्यावे. असे होल्स्टर एखाद्या मॉडेलसाठी मिळतच नसेल, तर ते मॉडेलच सोडून द्यावे; पिस्तूल आणि होल्स्टर यांची निवड एकत्रच झाली पाहिजे.

रिव्हॉल्व्हरला सेफ्टी आणि मॅगझिनची अडचण नसली, तरी त्याचे सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) सहसा डावीकडे उघडते आणि ते उघडण्याची कळही तिकडेच असते, त्यामुळे काडतुसे भरण्याचा वेगळा सराव करावा लागतो. चार्टर आर्म्सने साउथपॉ नावाचे उजवीकडे सिलिंडर उघडणारे रिव्हॉल्व्हर काढले होते, पण असे अपवाद थोडेच.

आपला प्रबळ डोळा कोणता, हेही पाहावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमधील छोट्या फटीतून दूरच्या वस्तूकडे पाहावे आणि एकेक डोळा मिटावा. जो मिटल्यावर वस्तू नाहीशी होते, तो प्रबळ. तो उजवा असेल, तर पिस्तूल किंचित उजवीकडे आणून नेम धरावा लागतो किंवा रेड डॉट दृष्टीयंत्र (नेमाच्या जागी लाल ठिपका दाखवणारे) बसवण्याची सोय असलेले मॉडेल सोयीचे पडते.

आकाराबाबत मोह आवरावा. पिस्तूल जितके हलके आणि मूठ जितकी आखूड, तितका धक्का जास्त जाणवतो, म्हणून करंगळीला आधार देणारे, ९ मिलिमीटर काडतुसाचे आणि कपड्यांखाली लपेल एवढेच लहान मॉडेल पुरेसे असते. शक्य असल्यास खरेदीपूर्वी तेच मॉडेल अधिकृत नेमबाजी केंद्रावर चालवून पाहावे. मॅगझिन बदलणे, सेफ्टी काढणे आणि स्लाइड सोडणे ही तीन कामे निव्वळ डाव्या हाताच्या पकडीने पुन्हा पुन्हा करावीत. दर वेळी पकड बदलावी लागत असेल, तर दुसरे मॉडेल हातात घ्यावे.