कंदातल्या इन्युलिनचा हिशेब जमत नाही? या चुका टाळा

रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेल्या कंदाच्या अर्काच्या नळीच्या तळाशी पांढरा साका बसला होता. मी वरचं नितळ पाणी उचललं, त्यातली साखर मोजली आणि वहीत लिहून मोकळा झालो : इन्युलिनच्या लांब साखळ्या घटल्या, विकरांनी (एन्झाइमांनी) तोडल्या असणार. विकरांनी काहीच तोडलं नव्हतं. लांब साखळ्या तळाशीच होत्या. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज या साखरेच्या रेणूंची साखळी. ते गरम पाण्यात सहज विरघळतं, थंडीत मात्र त्याच्या लांब साखळ्या साका होऊन खाली बसतात. नळी गरम पाण्यात धरून साका पूर्ण जिरेपर्यंत हलवायची, मगच नमुना घ्यायचा. एवढं कळायला माझा एक महिना गेला.

जेरुसलेम आर्टिचोक आणि डेलियाच्या कंदांत मुख्य साठा स्टार्चचा नसून इन्युलिनचा असतो. (डेलियाचा ‘कंद’ खरं तर फुगलेलं मूळ आहे, पण साखरेपुरता त्याने फरक पडत नाही.) सुक्रोजचा एक रेणू घ्या आणि त्याच्या फ्रुक्टोजच्या टोकाला फ्रुक्टोजचे मणी ओवत जा, की झालं इन्युलिन. स्टार्चच्या सवयीने आयोडीन टाकून बघणाऱ्याला निळा रंग दिसत नाही आणि तो ‘कंद रिकामा’ म्हणून मोकळा होतो. बेनेडिक्टचं द्रावणही गप्प राहतं, कारण साखळीला क्षपणक (म्हणजे त्या द्रावणाशी अभिक्रिया करणारं) टोकच नसतं. रेसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तापवल्यावर लाल रंग येतो खरा, पण तो सुक्रोजनेही येतो. त्यावरून इन्युलिनचा निकाल लावू नका.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी १८६४ मध्ये डेलियाच्या कंदात अल्कोहोल मुरवून इन्युलिनचे गोलसर स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. म्हणजे अल्कोहोल लागलं की इन्युलिन द्रावणाबाहेर येतं. आता हाच गुण आपल्या विरोधात कसा जातो पाहा. विकरं तात्काळ मरावीत म्हणून कंदाच्या चकत्या उकळत्या ८० टक्के अल्कोहोलमध्ये टाकतात. ते बरोबरच आहे. पण पुढे अर्क गाळून चोथा फेकून देतात, आणि लांब साखळ्या त्या चोथ्यातच राहिलेल्या असतात. चोथा गरम पाण्याने पुन्हा दोन-तीनदा धुऊन काढा आणि दोन्ही अर्क एकत्र मोजा. अर्क आम्लधर्मी असेल तर तापवण्याआधी पीएच ७ च्या आसपास आणा. नाहीतर साखळ्या तुमच्याच भांड्यात तुटतील आणि दोष विकरांवर जाईल.

आता विकरांकडे येऊ. एडेलमन आणि जेफर्ड या संशोधकांनी १९६८ मध्ये जेरुसलेम आर्टिचोकवरून मांडलेलं चित्र आजही कामाचं आहे. १-एसएसटी हे विकर दोन सुक्रोज घेतं, एकाचं फ्रुक्टोज दुसऱ्यावर चढवतं आणि केस्टोज (एक ग्लुकोज आणि दोन फ्रुक्टोज अशी तीन मण्यांची साखळी) बनवतं. पहिल्याचं ग्लुकोज उरतं. मग १-एफएफटी हे दुसरं विकर एका साखळीच्या टोकाचं फ्रुक्टोज काढून दुसरीला जोडत बसतं. हे सगळं रिक्तिकेत (पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीत) चालतं आणि बंधासाठी लागणारी ऊर्जा सुक्रोजच्या बंधातूनच येते. स्टार्चच्या धर्तीवर इथे एडीपी-ग्लुकोज (स्टार्च बनताना लागणारं ग्लुकोजचं क्रियाशील रूप) शोधू नका, त्याची गरजच नाही.

सर्वांत जास्त गोंधळ १-एसएसटी मोजताना होतो. ग्लुकोज सुटतं ना, मग तेच मोजू, असा सरळ विचार असतो. पण अर्कात इन्व्हर्टेज असेलच, आणि तेही सुक्रोज फोडून ग्लुकोज सोडतं. फरक एवढाच, की इन्व्हर्टेजकडून ग्लुकोजइतकंच फ्रुक्टोजही सुटतं. म्हणून दोन्ही मोजा. समजा ग्लुकोज १०० आणि फ्रुक्टोज ३० आलं, तर साधारण ७० फ्रुक्टोज साखळीत गेलं. माझा मात्र या वजाबाकीवर एकटीवर भरवसा नाही. केस्टोज स्वतंत्रपणे मोजून ताळा बघतो. सुक्रोज हात आखडून घालू नका. पातळ द्रावणात साखळी वाढण्यापेक्षा पाण्याने तुटणंच जास्त दिसतं. आणि उकळून मारलेल्या विकराची एक नळी शेजारी हवीच.

१-एफएफटीची गोष्ट वेगळी आहे, ते नुसतं वाटप करतं. दोन केस्टोज दिले तर एक सुक्रोज आणि एक निस्टोज (चार मण्यांची साखळी) मिळतं. ग्लुकोजही धरून मणी मोजा : आधी ३ आणि ३, नंतर २ आणि ४. रेणू तेवढेच, मणी तेवढेच, सरासरी ३ ची ३. पण बरेच जण सुक्रोजला ‘इन्युलिन नव्हे’ म्हणून यादीतून वगळतात. मग सरासरी थेट ४ होते आणि विकराने साखळ्या वाढवल्या असं वाटतं. वाढ झालेली नाही, तुम्ही एक रेणू हिशेबातून काढलात.

हीच नजर थंडीत साठवलेल्या कंदांकडे वळवा. तिथे सरासरी लांबी खरोखर घटते. बंद नळीत एकटं १-एफएफटी हे करू शकत नाही, हे वरच्या गणितावरून दिसतंच. एफईएच हे विकर पाण्याच्या मदतीने टोकाचं फ्रुक्टोज तोडतं. ते फ्रुक्टोज रिक्तिकेबाहेर जातं, तिथे त्यातून पुन्हा सुक्रोज बनतं. रिक्तिकेत परत आलेलं सुक्रोज मग १-एफएफटीसाठी नवा ग्राहक (फ्रुक्टोज घेणारा) ठरतं आणि लांब साखळ्यांचे मणी छोट्यांकडे वळतात. म्हणूनच मोकळं फ्रुक्टोज साचलेलं दिसत नाही. ‘फ्रुक्टोज नाही, म्हणजे एफईएच झोपलंय’ हा चुकीचा निष्कर्ष मी एका परिसंवादात मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवला होता.

राहिला आकडेमोडीचा भाग. इन्युलिन पूर्ण फोडून मिळालेल्या साखरेच्या वजनाला ०.९ ने गुणतात, कारण प्रत्येक बंध तुटताना पाणी जोडलं जातं आणि १६२ चे १८० होतात. लांब साखळ्यांना हे चालतं. केस्टोजला नाही : ५०४ वजनाचा रेणू फुटून ५४० साखर देतो. ०.९ लावलं की हाती ४८६ येतात, १८ कुठे गेले ते शोधत बसावं लागतं. आखूड साखळ्यांचा नमुना असेल तर आधी सरासरी लांबी काढा, गुणक त्यावरून ठरवा, आणि अर्कातल्या मूळ सुक्रोजचा वाटा वेगळा वजा करा.