गळक्या बॅटरीने खाल्लेला जुना मदरबोर्ड: दुरुस्ती करताना या चुका टाळा

जुना ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर कपाटातून बाहेर निघाला की बहुतेकांचा हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. काम तिथेच बिघडतं. यातल्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ घड्याळ आणि सेटिंग जपणारी ३.६ व्होल्टची आडवी, गोल निकेल-कॅडमियम बॅटरी असते आणि इतक्या वर्षांत ती गळली नसेल तर नवलच. गळलेल्या द्रवातून वीज वाहते. त्यावर व्होल्टेज दिलं की गंज झपाट्याने वाढतो, शॉर्ट होऊ शकतो, वर चार्जिंग सर्किट त्या मेलेल्या बॅटरीलाच करंट पाजत बसतं. म्हणून आधी बॅटरी काढा. सरळ पाय कापून काढली तरी चालेल. गंजलेल्या पॅडवरून, म्हणजे पाय सोल्डर केलेल्या तांब्याच्या ठिपक्यावरून, ती अख्खी उपटायची हौस नंतर भागवा. हातमोजे घाला, कॅडमियम विषारी असतं.

चुकीचं औषध

निकेल-कॅडमियम बॅटरीतून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्यावर खाण्याचा सोडा चोळून काही साधत नाही. इथे पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पातळ द्रावण लागतं. जुन्या मॅकिन्टॉशमधला अर्ध्या डबल-ए मापाचा ३.६ व्होल्टचा लिथियम सेल मात्र उलट्या जातीचा. त्यातलं थायोनिल क्लोराइड ओलाव्याला भेटलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, तिथे सोडाच हवा. कुठली बॅटरी फुटली ते न पाहता बाटली उघडू नका.

व्हिनेगर लावून बोर्ड रात्रभर तसाच ठेवणारेही भेटतात. तेही ॲसिडच आहे, उघड्या तांब्याला सोडत नाही. फेस थांबला की डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पूर्ण वाळवणं.

स्वच्छ दिसला म्हणजे झाला, असं समजणं

सगळ्यात जास्त बोर्ड इथे अडकतात. डाग गेला, बोर्ड चकाकला, तरी चालू होत नाही. मग कोणी प्रोसेसर बदलतं, कोणी रॅम. दोष बहुधा बॅटरीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या टापूतच असतो, फक्त दिसत नाही. द्रव सोल्डर मास्कच्या, म्हणजे बोर्डावरच्या रंगीत संरक्षक थराच्या, खालून ट्रॅकच्या (तांब्याच्या बारीक रेषेच्या) कडेने पुढे सरकतो आणि व्हियामध्ये, म्हणजे दोन थरांना जोडणाऱ्या त्या बारीक भोकात, मुरतो. वरून मास्क गडद झालेला किंवा किंचित फुगलेला दिसला तर खाली तांबं गेलंय असं धरून चाला. ग्लासफायबर पेनने मास्क हलकेच खरवडा. निरोगी ट्रॅक लालसर चमकतो, गेलेला काळा पडून पावडरसारखा सुटतो. खरवडताना ओलसर ठेवा, ती धूळ आणि काचेचे तंतू नाकात जाऊ देऊ नका.

मल्टीमीटरने तपासतानाही एक फसगत होते. प्रोब ट्रॅकवर दाबला की तडा गेलेलं तांबं दाबाने तात्पुरतं जुळतं आणि बझर खुशाल वाजतो. ट्रॅकच्या मध्यावर मोजूच नका. एका चिपच्या पायापासून दुसऱ्या चिपच्या पायापर्यंत मोजा, आणि चिप सॉकेटमध्ये असेल तर सॉकेटच्या सोल्डरवर न मोजता चिपच्या पायावर. सॉकेटच्या आतल्या पत्र्या गंजलेल्या असतात, त्या बाहेरून कळत नाहीत. बॅटरीजवळचं सॉकेट किंवा आयएसए स्लॉट (जोडकार्ड बसवायची खाच) संशयास्पद वाटला तर तो काढा. त्याच्या पोटाखालीच बरीच घाण साचलेली असते.

कुठून सुरुवात करायची? एटी पॉवर कनेक्टरही, म्हणजे पॉवर सप्लायच्या तारा बोर्डाला जोडायची जागाही, बहुधा त्याच कोपऱ्यात असतो. त्याच्या पी८ भागाच्या पहिल्या पिनवर, नारिंगी तारेवर, पॉवर गुड, म्हणजे वीज नीट आहे असं सांगणारा सिग्नल येतो. त्याचा ट्रॅक तुटला तर बोर्ड रिसेटमध्येच अडकून राहतो आणि पोस्ट कार्डावर (सुरुवातीच्या तपासणीचे कोड दाखवणाऱ्या कार्डावर) एकही कोड उमटत नाही. दुसरा ठरलेला बळी ८०४२ कीबोर्ड कंट्रोलर. त्याचं काम कीबोर्डपुरतं नसतं, ए२० गेट (१ एमबीच्या पुढची मेमरी खुली करणारा स्विच) आणि प्रोसेसरचा रिसेटही तोच सांभाळतो. एएमआय कंपनीच्या बायोसच्या, म्हणजे चालू होताच बोर्ड तपासणाऱ्या प्रोग्रामच्या, ६ बीप ऐकू आल्या तर रॅमच्या मागे न लागता आधी इथे पाहा.

काळ्या सोल्डरशी झटापट

गंजलेलं सोल्डर लवकर वितळत नाही. मग लोक सोल्डरिंग आयर्नचं तापमान वाढवतात, पॅड सुटून हातात येतं. जॉइंट खरवडून उजळ करा, फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारं रसायन) लावा, ६०/४० चं (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) नवं सोल्डर त्यात मिसळा आणि मगच ओढून घ्या. ग्राउंडच्या पिना आतल्या जाड तांब्याला जोडलेल्या असल्याने उष्णता पितात, तिथे मोठी टिप वापरा.

तुटलेल्या ट्रॅकवर ठिगळासारखा सोल्डरचा थर ओतू नका. खालचं तांबं आजारीच असतं, थोड्या दिवसांत पुन्हा तुटतं. ३० गेजच्या वायर-रॅप तारेने (आवरण असलेल्या बारीक तारेने) सरळ पिन ते पिन जोड मारा. दिसायला बरा नसतो, पण टिकतो.

नवी बॅटरी

तीच जुन्या पद्धतीची बॅटरी पुन्हा बसवणं म्हणजे पुढच्या गळतीची सोय. सीआर२०३२ (३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल) बसवायचा तर लक्षात ठेवा, तो चार्ज होणारा सेल नाही. बोर्डाचा चार्जिंग करंट त्यात गेला तर सेल फुगेल, फुटेल. मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका, पट्टीची बाजू बोर्डाकडे. १एन४१४८ या साध्या डायोडवर साधारण अर्ध्या व्होल्टची घट होते आणि ३ व्होल्टच्या सेलला तेवढी कधी कधी जड जाते. १एन५८१७ सारखा शॉट्की, म्हणजे कमी घट होणारा डायोड, बरा. बाहेरच्या बॅटरीसाठी ४ पिनांचा कनेक्टर असेल तर सेल बोर्डापासून दूर, केसच्या कडेला ठेवा. बॅटरी आतली की बाहेरची हे ठरवणारा जंपर (बोर्डावरच्या पिनांवरची छोटी टोपी) बदलायला विसरलात तर मात्र सेटिंग टिकत नाहीत आणि दोष सेलवर येतो.

नवी बॅटरी असूनही घड्याळ पुढे सरकत नसेल तर ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा भाग) पाहा. त्याचे केसासारखे पाय गंजात सगळ्यात आधी जातात.

खरवडलेल्या तांब्यावर यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा संरक्षक थर) लावायचाच आहे, पण बोर्ड काही दिवस सलग नीट चालल्यावर. आधी लावलात आणि एखादा ट्रॅक राहून गेलेला निघाला, तर तोच मास्क पुन्हा खरवडत बसावं लागतं.