मेडिकेड मिळवणे आणि टिकवणे: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी तयारीची यादी

मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. सगळ्यात आधी एवढेच तपासा, की तुम्ही राहता त्या राज्याने मेडिकेडचा विस्तार केला आहे का. २०१० च्या आरोग्य कायद्याला कमी उत्पन्नाचे सगळेच प्रौढ मेडिकेडमध्ये हवे होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राज्यांच्या मर्जीवर सोडला. आज ४० राज्ये आणि वॉशिंग्टन डी.सी. आत आहेत, टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी, कॅन्सस, विस्कॉन्सिन आणि वायोमिंग अजून बाहेर. नावाने फसू नका. कॅलिफोर्नियात यालाच मेडि-कॅल म्हणतात, वॉशिंग्टन राज्यात ॲपल हेल्थ, न्यू जर्सीत फॅमिलीकेअर, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ.

मग उत्पन्न मोजा. विस्तार झालेल्या राज्यात १९ ते ६४ वयाच्या व्यक्तीसाठी मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के. २०२५ च्या आकड्यांनी ती एकट्याला वर्षाला सुमारे २१,५९७ डॉलर आणि चौघांच्या घराला ४४,३६७ डॉलर होती. दारिद्र्यरेषा दरवर्षी बदलते, तेव्हा ताजा आकडा पाहा. अर्जात चालू महिन्याचे उत्पन्न बघतात. त्यामुळे नुकतीच नोकरी गेली असेल, तर गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न पाहून ‘आपल्याला कसले मिळतेय’ म्हणत गप्प बसू नका. बेरोजगारी भत्ता मात्र उत्पन्नात धरतात. आपल्या घरांत हमखास राहून जाते ते भारतातले उत्पन्न: एफडीचे व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे. तेही इथल्या करपात्र उत्पन्नात येते, म्हणून लिहा. बँकेतली शिल्लक, गाडी, राहते घर या गटासाठी विचारात घेत नाहीत. ६५ च्या पुढच्या आई-वडिलांचे नियम वेगळे आहेत आणि तिथे मालमत्ता सहसा बघतात.

इमिग्रेशनचा कागद तिसरा. ग्रीन कार्ड मिळाल्यावर बहुतेक प्रौढांना ५ वर्षे थांबावे लागते. मुले आणि गर्भवती यांना अनेक राज्ये ही अट लावत नाहीत. एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचे कुटुंब) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या प्रौढांना साधारणपणे नेहमीचे मेडिकेड मिळत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल, तर मेडिकेडच्या अर्जावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, व्हॉट्सॲपवरच्या ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका.

आता फाइल. ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्त्याचा पुरावा, अलीकडचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या), टॅक्स रिटर्न, नोकरी गेल्याचे पत्र. घरगुती डबे, मुले सांभाळणे, शिकवण्या असे काही करत असाल, तर साध्या वहीत तारीख, तास आणि मिळालेले पैसे लिहायला आजच सुरुवात करा. या वहीचा उपयोग पुढे फार मोठा आहे.

कारण जुलै २०२५ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने विस्तारामुळे मेडिकेडमध्ये आलेल्या प्रौढांवर कामाची अट घातली आहे. राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. काही राज्ये आधीही करू शकतात, काहींना केंद्राकडून मुदतवाढ मिळू शकते. महिन्याला ८० तास काम, समाजसेवा किंवा प्रशिक्षण, नाहीतर किमान अर्धवेळ शिक्षण, किंवा महिन्याला किमान ५८० डॉलर उत्पन्न, यांतले काहीतरी दाखवावे लागेल. १३ वर्षांपर्यंतच्या मुलाचे पालक, अपंग व्यक्तीची काळजी घेणारे, गर्भवती, गंभीर आजारी अशांना सूट आहे. सूट आपोआप नोंदली जाईल असे मात्र धरून चालू नका. डॉक्टरांचे पत्र, मुलाचा जन्मदाखला आधीच फाइलला लावा.

माझी खरी काळजी इथे आहे. आर्कन्सासने २०१८ मध्ये अशीच अट लावली आणि न्यायालयाने २०१९ मध्ये ती थांबवेपर्यंत १८,००० हून जास्त लोकांचे विमा कवच गेले होते. त्यांतले बरेच जण काम करत होते किंवा त्यांना सूट मिळायला हवी होती. तास कसे कळवायचे हेच त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. कोविडच्या महासाथीत कोणालाही मेडिकेडमधून न काढण्याचे संरक्षण होते, ते २०२३ मध्ये संपल्यावर देशभरात २.५ कोटींहून अधिक लोक बाहेर पडले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे कारण न आलेला फॉर्म किंवा न दिलेला कागद हेच होते. पात्र माणसाचे औषध एका पाकिटापायी बंद पडावे हे मला मान्य होत नाही. म्हणून पत्ता बदलला की त्याच आठवड्यात राज्याच्या पोर्टलवर बदला, ईमेल आणि फोन नंबर तपासा, आणि सरकारी पाकीट जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. २०२७ पासून या गटाचे नूतनीकरण दर ६ महिन्यांनी होणार आहे. कॅलेंडरवर वर्षातल्या दोन्ही तारखा टाका. कामाच्या अटीबद्दल नोटीस आली तर उत्तराला ३० दिवस असतात. आणि या अटीपायी मेडिकेड गेले, तर मार्केटप्लेसची, म्हणजे खाजगी विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजारातली, सवलतही मिळत नाही.

अर्ज वर्षभर कधीही करता येतो. इंग्रजी अडत असेल तर फोनवर ‘मराठी इंटरप्रिटर’ मागा. तो विनामूल्य द्यावा लागतो. आजारपणाचे बिल आधीच आले असेल तर घाई करा, कारण मागच्या ३ महिन्यांची बिले भागवण्याची सोय १ जानेवारी २०२७ पासून या गटासाठी एका महिन्यावर येते.

विस्तार न झालेल्या राज्यात असाल तर वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नाचा अंदाज काळजीने आणि खरा करा. दारिद्र्यरेषेच्या वर असाल तर मार्केटप्लेसवर सवलत मिळू शकते. खाली असाल तर बहुतेक ठिकाणी दोन्ही दारे बंद. तेव्हा जवळचे कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा, तिथे फी उत्पन्नानुसार असते. नॉन-प्रॉफिट रुग्णालयांना गरजूंसाठी आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावेच लागते; बिलिंग ऑफिसमध्ये ‘फायनान्शियल असिस्टन्स पॉलिसी’ असे नाव घेऊन ते मागा.

कवच बंद झाल्याचे पत्र आलेच तर त्यावरची तारीख आधी वाचा. ती उलटण्याआधी अपील केले, तर निकालापर्यंत कवच सहसा चालू ठेवता येते. फक्त नूतनीकरणाचा फॉर्म राहिला असेल, तर बंद झाल्यापासून ९० दिवसांत तो पाठवा. नवा अर्ज लागत नाही. पाठवलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, आणि फोनवर बोललात तर बोलणाऱ्याचे नाव आणि तारीख त्याच वहीत लिहा.