क्लेम टाकायच्या आधी हा हिशोब मांडा

लातूरला औसा रोडवर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मागून गेलेल्या गाड्या यायला लागतात. मालक उतरता उतरताच म्हणतो, "मामा, टाका क्लेम. विमा कशाला भरलाय?" मी त्याला बसवतो, चहा सांगतो आणि पॉलिसीचा कागद मागतो.

कागदावर आधी दोन रकमा शोधा. पहिली थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीची. ती सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरानं १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. वर्षभर जपून चालवणाऱ्याला तेवढेच आणि तीनदा ठोकणाऱ्यालाही तेवढेच. दुसरी रक्कम ओन डॅमेजची, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची. तुम्ही गाडी कशी चालवता, ते इथं दिसतं, नो क्लेम बोनसच्या ओळीत. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम टाकला की परत शून्य.

मागच्या हंगामात अहमदपूरकडचे एक मास्तर आले. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,०००, सूट ५० टक्के, म्हणून भरायचे ४,५००. बंपर फुटलेला. बंपर ६,०००, रंग-मजुरी ४,०००. प्लास्टिकच्या पार्टवर कंपनी निम्मा घसारा, म्हणजे वापरून झिजल्याची किंमत, कापते, वर १,००० रुपये आपल्याला सोसावेच लागतात. हातात सहा हजारांच्या आतच पडणार होते. आता दुसरी बाजू बघा. सूट गेली की पुढच्या वर्षी ४,५०० जास्त, मग २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५०. मूळ हप्ता तोच धरला तर एकूण ११,२५०, त्यावर जीएसटी वेगळा. मास्तरांनी खिशातून पैसे दिले. त्यांचा झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, असता तरी मी हेच सांगितलं असतं.

नवी गाडी असेल, सूट शून्य असेल, तर हेच गणित उलटं पडू शकतं. तेव्हा स्वतःचे आकडे घालून बघा. आणि चेसिस वाकली, इंजिनला मार बसला, एअरबॅग उघडली, तर विचार करत बसू नका. जागेवर फोटो काढा, गाडी चालू करून बघू नका, कंपनीला लगेच कळवा. नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मी एक बोल्टही खोलत नाही. जुनं पोचं त्याच क्लेममध्ये घुसवा म्हणणारे येतात, त्यांना मी परत पाठवतो. ते खोटं आहे, आणि त्यापायी खरा क्लेमही अडकतो.

लग्नसराईत पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारणाऱ्या पोरांसाठी मला फार काळजी वाटते. खासगी पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही. दारू पिऊन चालवली तरी आपल्या गाडीचा क्लेम जातो. लायसन नसलेल्या भाच्याच्या हातात गाडी दिली आणि कुणाला उडवलं, तर कंपनीनं आधी त्या घराला भरपाई द्यावी आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश कोर्टांनी दिलेत. तिथं एकरभर रान विकायची पाळी येते.

तुळजापूर-बीडचा रस्ता चौपदरी झाल्यापासून "फुल इन्शुरन्स आहे" म्हणत शंभरच्या वर पळवणारे वाढलेत. पॉलिसीत बॉनेट आहे. गाडी वीस दिवस माझ्याकडं उभी राहते, तेवढे दिवस बुडालेली कामं तिच्यात नाहीत, आणि मागच्या सीटवर बिनबेल्टचं बसलेलं लेकरू तर कुठलाच विमा परत आणून देत नाही.

जुनी गाडी विकताना बोनसचं पत्र कंपनीकडून मागून घ्या. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो, आणि त्या पत्रावर तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. गाडी तुमच्याकडंच असेल आणि पॉलिसी पुढं चालू न करता तारीख उलटून ९० दिवस गेले तर मात्र तो जातो. म्हणून मी गिऱ्हाइकांच्या तारखा वहीत लिहून ठेवतो आणि आठवडाभर आधी फोन करतो.