सेंद्रिय भाजी घेताना या चुका टाळा: कांद्यावर कशाला पैसे घालवता?

सेंद्रिय भाजी घ्यायला लागले त्याच्या महिनाभराने मी वहीत हिशेब मांडला. जादा गेलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक कांदे, केळी आणि पपईवर गेले होते. द्राक्षं मात्र कोपऱ्यावरच्या हातगाडीवरचीच, कारण सेंद्रिय द्राक्षांचा भाव ऐकून हात आखडला होता. ज्याची साल फेकायची ते महागाचं आणि जे सालासकट तोंडात टाकायचं ते स्वस्तातलं, असा उलटा कारभार.

तेव्हापासून मी आधी ओल्या कचऱ्याच्या बादलीकडे बघते. कांदा-लसणाची टरफलं, केळ्याची साल, मटार आणि पावट्याच्या शेंगा, कलिंगड-अननसाचं जाड कवच. फवारा बसतो तो मुख्यतः यांच्यावर, आणि तेच आपण टाकून देतो. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून आतही जातात, म्हणून सोललं की सगळं गेलं असं नाही. पण पैसे मोजकेच असतील तर ही फळं-भाज्या नेहमीच्या मंडईतून खुशाल आणा.

अमेरिकेची यादी फ्रिजवर चिकटवणं

दरवर्षी व्हॉट्सअॅपवर ‘डर्टी डझन’ फिरते, म्हणजे फवारणीचे अंश सगळ्यांत जास्त सापडलेल्या फळं-भाज्यांची यादी. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही तिकडची संस्था अमेरिकेच्या सरकारी तपासण्यांवरून ती काढते. स्ट्रॉबेरी, पालक, द्राक्षं इथपर्यंत ठीक, ते आपल्यालाही लागू पडतं. पण त्यात केल ही तिकडची पालेभाजी आहे, ब्लूबेरी आहे. आपली वांगी, गवार, मेथी कुठे? कोबी तर त्यांच्या ‘स्वच्छ’ यादीत असतो. आपल्याकडे कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्याचा पतंग पडतो आणि त्याच्यापायी शेतकरी फवारून फवारून मेटाकुटीला येतो.

वांगी आणि भेंडीचं दुखणं आणखी वेगळं. औषध मारल्यावर तोडणीपर्यंत काही दिवस थांबायचं असतं. पण भेंडी एक-दोन दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी शिरते, तिला बाहेरून मारणं अवघड, म्हणून फवारण्या वाढतात. अशा पिकात ते थांबणं जमवायचं कसं?

म्हणून माझा क्रम असा: मुलं खातात ती द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी, मग पालक-मेथी-कोथिंबीर, मग वांगी, भेंडी, ढोबळी मिरची, फ्लॉवर. तुमच्याकडे फ्लॉवर महिन्यातून एकदा आणि टोमॅटो रोज लागत असतील तर टोमॅटो वर घ्या. कोथिंबिरीला मी कधी खाली ढकलत नाही. ती रोज लागते आणि कच्चीच खाल्ली जाते.

हंगाम विसरणं

भोगीच्या भाजीत काय पडतं ते आठवा: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा. जानेवारीत हे सगळं आपसूक भरपूर येतं, भावही उतरलेले असतात. थंडी सरल्यावर फ्लॉवरचा हट्ट धरला की पीक जगवायला औषधं वाढतात आणि सेंद्रियवाल्याचा भावही चढतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साधारण डिसेंबर ते मार्च खावी, नंतर विसरावी. पावसाळ्यात पालेभाजीवर कीड फार. तेव्हा मुळशी-भोरकडच्या बायका टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बसतात, त्या घ्या. फक्त कुठून खुडलंय ते विचारा, रस्त्याकडेचं नको.

शब्दांवर भुलणं

‘गावरान’, ‘देशी’, ‘विषमुक्त’ हे पाटीवरचे शब्द झाले, प्रमाणपत्र नव्हे. पाकिटावर ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह बघा. त्यामागे एनपीओपी (मान्यताप्राप्त संस्था शेत तपासते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात) यांपैकी एक सरकारी प्रमाणीकरण लागतं, आणि हे नियम 2017 पासूनचे आहेत. एनपीओपीत हंगामी पिकांची जमीन साधारण दोन वर्षं आणि फळबागेची तीन वर्षं रूपांतरात, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियाकडे वळण्यात, जाते. ‘यंदापासून सेंद्रिय’ म्हणणाऱ्याला म्हणूनच थोडं खोदून विचारावं.

स्वतः पिकवून थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र प्रमाणपत्राची सक्ती नाही. आठवडे बाजारात अशा दादांना मी एकच विचारते: “अळी पडली की काय मारता?” “काहीच नाही हो ताई” हे उत्तर मला पटत नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी, कामगंध सापळे ही नावं सहज तोंडात आली, तर माणूस शेतात उभा राहिलेला आहे. एकाच टेबलावर बारा महिने तोच माल दिसला तर पुढे चला.

आणि भोकं! भोकं पडलेली मेथी सेंद्रिय असते म्हणून मी एकदा दुप्पट पैसे मोजलेत. फवारणी उशिरा झाली तरी भोकं राहतातच की.

सेंद्रिय आहे म्हणून न धुणं

शेणखत, माती, हाताळणी हे सगळं सेंद्रिय भाजीलाही लागलेलंच असतं. वाहत्या पाण्यात चोळून धुवा. सफरचंद-द्राक्षांसाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा (धुण्याचा नव्हे!) घालून बारा-पंधरा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने खळबळून घ्या. 2017 मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात सालीवरची औषधं अशी बरीच निघाली, सालीत मुरलेली मात्र राहिली. साबण नको. आणि धुऊन फ्रिजमध्ये कोंबू नका, लागेल तेव्हाच धुवा.

परवडत नाही म्हणून भाजीच कमी करणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सेंद्रिय पालकाची एक जुडी आणायची आणि आठवडाभर बटाटा, असं एका ओळखीच्या घरात चाललं होतं. त्यापेक्षा साधा पालक दोनदा आणा, नीट निवडा, भरपूर पाण्यात तीनदा धुवा. सेंद्रिय आणाल तेव्हा मोजकंच आणा. आमच्याकडे महागाची मेथी शनिवारी येते आणि रविवारच्या थालीपिठात संपते, कारण पूर्वी ती गुरुवारी काळी पडून बादलीत जायची.