भुताच्या गोष्टींतून इंग्रजी शिकताना या चुका टाळा

भुताच्या गोष्टी वाचून रोजचे इंग्रजी शिकावे, असे मी माझ्या वर्गात आग्रहाने सांगतो. भयकथेत जे घडते ते बहुधा घरातच घडते. दार वाजते, दिवे जातात, जिन्यावर पावले ऐकू येतात, किल्ली सापडत नाही. आणि या साध्या गोष्टी इंग्रजीत कशा बोलतात, हेच तर आपल्याला शिकायचे असते. तरीही प्रत्येक नव्या तुकडीत मला त्याच त्या चुका दिसतात आणि त्या दुरुस्त करण्याचा आता कंटाळा आला आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कथेतले भूत उचलायचे आणि घर सोडून द्यायचे. विद्यार्थी 'मकाब्र', 'अ‍ॅपरिशन', 'ब्लड-कर्डलिंग' असे भारदस्त शब्द वहीत उतरवतात आणि ज्या वाक्यातले सगळे शब्द ओळखीचे वाटतात त्या वाक्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. माझ्या वर्गात एका कारखान्याच्या निर्यात विभागात काम करणारा एक तरुण होता. त्याची वही पाहण्यासारखी होती, कारण प्रत्येक भीतीदायक शब्द लाल शाईने लिहिलेला आणि त्यापुढे तीन-तीन समानार्थी शब्द दिलेले असत. एके दिवशी परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलत असताना कचेरीतली वीज गेली, तेव्हा याच्या तोंडून 'लाइट इज गॉन, आय विल डू फोन' एवढेच बाहेर पडले आणि नेमके काय गेले, हे ग्राहकाला कळेना. दुसऱ्या दिवशी त्याने हा प्रसंग सांगितला, तेव्हा त्याच आठवड्यात वाचलेली कथा मी त्याच्याच प्रतीत उघडून दाखवली. पहिल्याच पानावर 'द लाइट्स वेंट आउट' हे वाक्य होते आणि त्याच्या खालच्या परिच्छेदात 'आय विल कॉल यू बॅक' असे नायिका म्हणत होती. या दोन्ही वाक्यांना पेन्सिलीचा स्पर्शही झालेला नव्हता. 'स्पेक्ट्रल' या शब्दाखाली मात्र दोन रेघा होत्या.

यावर माझा उपाय शास्त्रीय नाही, ती माझी सवय आहे. दार, दिवा, जिना, फोन आणि किल्ली यांच्याशी जोडलेली क्रियापदेच मी अधोरेखित करायला लावतो: 'लॉक अप', 'स्विच ऑफ', 'आन्सर द डोअर', 'लेट हिम इन', 'हँग अप'. त्यानंतर त्यातल्या प्रत्येकाचे एक वाक्य स्वतःच्या घराविषयी मोठ्याने म्हणायचे असते. याला वेळ लागतो. ज्यांना तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी हवे आहे त्यांना तो देववत नाही. त्यांनी खुशाल याद्या पाठ कराव्यात, पण बोलताना अडखळल्यावर गोष्टींना दोष देऊ नये.

ओळखीचा शब्द दिसला की अर्थ गृहीत धरणे, ही दुसरी चूक होय. आपल्याकडे 'पास्ड आउट' म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणे. कथेतली परिचारिका तळघरात 'पास्ड आउट' होते तेव्हा ती बेशुद्ध पडलेली असते. तिने मध्यरात्री कोणती परीक्षा दिली, असे मला गंभीरपणे विचारण्यात आले आहे.

पुस्तकाची निवड हा तर स्वतंत्र दुखण्याचा विषय आहे. एडगर अ‍ॅलन पो यांची १८४३ सालची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा थोर आहे, परंतु तिच्या आरंभी येणारे 'हार्कन' (म्हणजे 'ऐका') आज बसथांब्यावर कोणी म्हणत नाही. मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तरच तो मदतीशिवाय नीट समजतो, असा निष्कर्ष हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली मांडला होता. सोप्या हिशेबाने, अडीचशे-तीनशे शब्दांच्या पानावर पाच-सहापेक्षा अधिक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ मधील 'द मंकीज पॉ' ही कथा ऑक्सफर्ड बुकवर्म्स या सोप्या इंग्रजीतल्या पुस्तकांच्या श्रेणीबद्ध मालेत पहिल्या पातळीवर, म्हणजे ४०० मूळ शब्दांच्या मर्यादेत मिळते. ती हाती दिली की 'हे लहान मुलांचे पुस्तक आहे' म्हणून पदवीधर मंडळी नाक मुरडतात आणि मूळ संहितेच्या तिसऱ्या पानावर कायमची थांबतात.

दर ओळीला शब्दकोश उघडू नये. पहिले वाचन एका बैठकीत, अडलेले शब्द तसेच सोडून करावे. मराठी उपशीर्षके लावून भयपट पाहणे ही करमणूक आहे, अभ्यास नव्हे. 'घोस्ट'मधला 'ह' आणि 'टूम' (थडगे) या शब्दाच्या शेवटी लिहिला जाणारा 'बी' उच्चारू नये.

शेवटची चूक कथा पुन्हा सांगताना होते. वाचलेली गोष्ट तोंडी सांगणे हा उत्तम सराव आहे आणि त्यासाठी आजीकडून ऐकलेली गोष्टही चालते. पण मंडळी मुंज्या, हडळ किंवा कोकणातला देवचार यांना इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यात तासभर घालवतात. मुंज्याला मुंज्याच राहू द्यावे, पहिल्याच वाक्यात तो पिंपळावर राहतो एवढे सांगावे आणि सगळे लक्ष क्रियापदांवर ठेवावे. 'मी दार लावत होतो, तेवढ्यात फोन वाजला' या मराठी वाक्यातले काळ इंग्रजीत जवळजवळ जसेच्या तसे उतरतात: 'आय वॉज लॉकिंग द डोअर व्हेन द फोन रँग'. त्याऐवजी 'वन घोस्ट वॉज देअर इन द वेल' अशी सुरुवात कोणी केली, की मी त्याला तिथेच थांबवतो आणि 'देअर वॉज अ गोस्ट इन द वेल' हे वाक्य म्हणवून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट ऐकत नाही.